अठरा हातांचं लुगडं

आमच्या भागात लग्नाचा बस्ता बांधायला घरातली दहाबारा माणसं गाड्या जुंपून जातात, आणि जिच्या अंगावर ते कापड चढायचं ती तेवढी घरी राहते. नवरीनं बस्त्याला यायचं नसतं. ही रीत कुणी घातली कोण जाणे, पण तो माणूस भेटला असता तर मी त्याला सोडला नसता.

माझं लग्न ठरलं तेव्हा लढाई चालू होती. कापडावर कंट्रोल आलेला. नऊवारी लुगडं मिळेल तर मिळेल, नाहीतर आठवारीवर भागवा, असे दिवस. आता आठवारी नेसून बारक्या चणीच्या बाईचं भागतं. मी पडले ताडमाड. आठ वारांत कासोटा घातला, निऱ्या काढल्या की माझ्या पदराला काही उरायचंच नाही. तो कसाबसा डोक्यावर यायचा आणि मान वर केली की घसरायचा. मराठ्याच्या घरची नवरी, आणि भर मांडवात डोक्यावरचा पदर पडला तर काय बोलतील लोक? म्हणून मी आत्याला बजावून सांगितलं, "मला रंग कुठलाबी आणा, काठ कसलाबी आणा, पण लुगडं नऊवारी आणा." एवढंच मागितलं होतं. दुसरं काही नाही.

मंडळी कोरेगावाकडून साताऱ्याला गेली. दुकान ठरलेलं, कारण तिथला दुकानदार गादीवर बसवून चहा पाजायचा आणि आमच्या थोरल्या चुलत्यांना "या पाटील" म्हणायचा. आम्ही पाटील नव्हतो. पण चुलत्यांना ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून दोन पिढ्या आमचं सगळं घर तिथलंच कापड नेसत आलं.

तिथं काय झालं ते आत्यानं संध्याकाळी परत आल्यावर सांगितलं. सकाळपासून दुपारपर्यंत वेळ गेला तो नवऱ्याकडच्या फेट्यांत. व्याह्यांचा फेटा, व्याह्यांच्या मेव्हण्याचा फेटा, त्यांच्या गावातल्या कुठल्याशा सुभेदाराचा फेटा. ते सगळे गजानं मोजून, वर आणखी वीतभर सोडून घेतले. कमी पडला तर ती माणसं मांडवात बोलली असती ना! मी कुठं बोलणार होते? माझं लुगडं निघालं अगदी शेवटी, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागल्यावर.

त्यात चुलत्यांच्या डोक्यात बसलेलं, की कंट्रोल आल्यापासून दुकानदारांनी गज घासून आखूड केलेत. बाजारात ऐकलेलं कुणाकडून तरी. म्हणून नवरीचं लुगडं ते स्वतःच्या हातानं मोजणार. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे अठरा हात म्हणजे नऊ वार. घरातल्या थोरल्या पुरुषाच्या हातानं मोजायचं ही आमची पद्धतच. आता आमचे चुलते मनानं मोठे असतील, अंगानं ठेंगणे. त्यांचा हात आखूड, हे सगळ्या घराला दिसत होतं. तोंडानं कोण म्हणणार?

दुकानदारानं खरंखुरं नऊवारी काढून दिलं होतं. ते चुलत्यांच्या हातानं वीस हात भरलं. "एवढं कशाला? काय घर झाकायचंय?" म्हणून बाजूला सारलं. मग आठवारी मोजलं. ते बरोबर अठरा भरलं.

"पाटील, हे आठवारी आहे," दुकानदार बिचारा सांगत होता.

"तुझा गज तुझ्यापाशी ठेव," चुलते म्हणाले. "माझा हात खोटं बोलत न्हाई."

आत्या म्हणाली, "आवं दादा, पोर लय उंच हाय." तिला गप बसवलं. आणि लगेच लुगड्याला हळदकुंकू लावलं. हळदकुंकू लागलेला बस्ता कुणी परत करत नाही. संपलं.

अस्सा संताप आला मला! लबाडी केली असती तर दुकानदाराला शिव्या तरी देता आल्या असत्या. तो खरं बोलत होता आणि त्याच्यावरच विश्वास नाही.

लग्नात मी मान खाली घालून, खांदे पाडून, पाठीला पोक काढून उभी राहिले. मंगलाष्टकं संपता संपेनात. पाठीत नुसती कळ, आणि मागं बायकांचं चाललेलं, "किती गरीब पोर हाय गं. मान वर केली न्हाई."

तासगावाकडे सासरी आले ती तशीच. माणसांत जायचं तर पदर हवा, पदर हवा तर वाकायला हवं. एरवी चुलीपुढं बसलेली. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, "आमी लय पोरी बघितल्या, पर अशी नम्र पोर न्हाई बघितली." बघायला आले तेव्हाही मी आठवारीच नेसून वाकले होते; मला पसंत केलं ते कशावरून, हे मला तेव्हा कळलं. चिडावं की हसावं तेही सुचेना.

गौरीला सासूबाई सांगलीच्या पेठेत गेल्या. मला नेलं नाहीच. मी मनाशी म्हणत होते, बाईमाणूस आहे, रोज नेसते, तिला तरी कळेल. परत आल्या आणि हिरवं लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं. मी घडी उलगडली आणि हाताला हलकं लागलं तेव्हाच ओळखलं.

"दुकानदार नऊवारी घ्या म्हणून मागं लागला हुता," त्या खुशीत म्हणाल्या. "म्हनलं, आमची सून वाकून ऱ्हाणारी हाय. तिला आठवारी पुरतंय."

मी आत गेले, ते नेसले, बाहेर आले आणि सरळ ताठ उभी राहिले. पदर खांद्यावर पडला. पडू दिला. सासूबाईंचं कपाळ माझ्या खांद्याला लागत होतं. त्यांनी मान मागं टाकून माझ्याकडे बघितलं.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "तू एवढी उंच हायेस?"