गोवरीतलं बी

दसरा झाला की गावातल्या बायका माझ्याकडे येतात. ऊसतोडीला निघायचं असतं, सहा महिने घर बंद राहणार असतं, आणि ते कसं बंद करावं हे मला विचारतात. मी सांगते. ज्वारीत लिंबाचा पाला घाला, कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपा. तुरीला राख चोळा. पत्र्यावर दगड वाढवा, चैत्रातलं वारं वाईट असतं. भोपळ्याचं, वाळकाचं बी ओल्या गोवरीत दाबा आणि गोवरी आतल्या भिंतीला थापा, म्हणजे किडा शिवत नाही. आणि किल्ली देताना माणूस बघून द्या. हे शेवटचं मला माझ्या थोरल्या जावेनं शिकवलं.

आम्ही दोघं नवरा-बायको तेव्हा तोडीला जायचो. जावेची विहीर होती, म्हणून ती गावातच असायची, आणि किल्ली तिच्याकडेच. त्या वर्षी मी भिंतीला सहा गोवऱ्या थापल्या होत्या. प्रत्येकीवर अंगठ्याचा ठसा, कारण आत वाळकाचं बी होतं. माझ्या आईनं लग्नात ओटी भरताना ते दिलेलं. साखरेसारखं गोड वाळूक, एकही फळ कधी कडू निघालं नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि चकलांब्याकडच्या माझ्या माहेरात ते बी आता कुणाकडे उरलं नव्हतं. आईचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं.

पाडव्याच्या सुमारास परत आलो. घर उघडलं तर भिंतीवर सहा गोल डाग, गोवऱ्या गायब. मी जावेला विचारलं.

"पाणी तापवाया न्हेल्या," ती म्हणाली. "शेनाच्या गवऱ्या त्या, त्यात काय सोनं हुतं?"

तिच्या दारात तिच्याच गोवऱ्यांचा उडवा रचलेला होता, छपरापर्यंत. मी तो बघितला, तिनं मला बघताना बघितलं. घरी येऊन आई नुकतीच गेल्यासारखी रडले.

श्रावणात तिच्या विहिरीच्या कडेला वाळकाचा वेल चढला. पिवळ्या अंगावर हिरव्या रेघा, देठाजवळ किंचित वाकडं. मी लांबून ओळखलं. तिनं बायका बोलावून कापून वाटलं, मलाही फोड दिली, आणि बी आपल्या माहेरचं आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं. मी ती फोड खाल्ली. लई गोड आहे म्हणाले. बिया मात्र गालात धरल्या आणि विहिरीआड जाऊन पदरात थुंकल्या. मोजून अकरा होत्या.

चोरीचा बोभाटा मी केला नाही. केला असता तर ती रडली असती, सासूनं मिटवलं असतं, आणि मीच भांडखोर ठरले असते. मला ते पुरणार नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात अकरा बिया मी गावातल्या घराच्या परसात लावल्या, शेतापासून चांगल्या लांब. शेतात आमचा आणि जावेचा बांध एकच, तिची विहीरही त्या बांधालगतच. त्या बांधावर दरवर्षी एक रानवेल उगवतो, लिंबाएवढी फळं येणारा, विषासारखा कडू. आईचं सांगणं होतं की तो फुलायच्या आत उपटायचा. दोन्ही फुलांवर एकच माशी बसते. त्या वर्षाचं फळ गोडच निघतं, पण बी बाटतं आणि कडूपणा पुढच्या वर्षी वर येतो. हे मी सगळ्या गावाला सांगते. जावेला सांगितलं नाही. आमच्या बाजूचा तो वेल मी त्या वर्षी उपटला नाही. उलट पावसानं ओढ दिली तेव्हा डोक्यावरून कळशी नेऊन त्याला पाणी घातलं. आमची जमीन, आमचा वेल.

तिचं वाळूक त्या वर्षीही गोड निघालं. तिनं हौसेनं बी धरलं, माझ्यासारख्याच गोवऱ्या थापल्या, वर अंगठ्याचा ठसासुद्धा.

त्याच हिवाळ्यात तिची विहीर आटली आणि तिला लेकाबरोबर तोडीला जावं लागलं. माझ्या नवऱ्याची कंबर गेल्यामुळे आम्ही जायचं सोडलं होतं. ती किल्ली घेऊन माझ्या दारात आली. मान खाली.

"तेवढ्या गवऱ्या संबाळ गं," ती म्हणाली.

मी सांभाळल्या. वाळवी लागू नये म्हणून भिंतीच्या बुडाला राख टाकत राहिले. अवकाळीत पत्रा गळला तर माझ्या घरची ताडपत्री नेऊन टाकली. लेकराला जपावं तशा जपल्या. ती परत आली तेव्हा सगळ्या जागच्या जागी होत्या, आणि तिनं माझे हात धरले. मला जराही लाज वाटली नाही.

तिनं बी लावलं. त्या पावसाळ्यात विहिरीला पुन्हा पाणी आलं होतं, तिनं हातानं शेंदून घातलं. पहिलं वाळूक पिकल्यावर पुन्हा बायका जमवल्या. मीही गेले. पहिली फोड तिनंच तोंडात टाकली. तिचं तोंड कसं झालं ते मी पोटभर बघितलं. बायका थुंकत उठल्या. तिनं दुसरं कापलं, तिसरं कापलं, सगळा वेल कडू.

दोन दिवसांनी ती माझ्या परसात आली. माझा वेल मांडवभर पसरला होता, खाली तीच वाकड्या देठाची वाळकं लोंबत होती. तिनं एक वाळूक तळहातावर तोलून बघितलं. मग म्हणाली, "थोडं बी दे गं मला."

"देते की बाई," मी म्हणाले. "कुनाचं बी हाय ते तेवढं सांगा."

तिला उत्तर ठाऊक होतं. दोनच शब्द होते, तुझ्या आईचं. तिनं पदर खोचला आणि तशीच निघून गेली.

तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला मी एक गोवरी जास्त थापते, तिच्या नावाची. मृग आला की ती माझ्या दारापर्यंत येते, इकडचं तिकडचं बोलते आणि परत जाते. मी ती गोवरी फोडते आणि तिच्या वाट्याचं बी माझ्याच परसात लावते.