चिंध्या आणि भोवरे

माझ्या धाकट्या दिरांइतका वेळ वाहत्या पाण्याकडे बघण्यात घालवणारा दुसरा प्राणी गडचिरोली जिल्ह्यात नसेल, बगळे धरूनसुद्धा. नव्वदच्या दशकात ते कुरखेड्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि उरलेल्या वेळात खवळलेल्या पाण्यात टिकून राहणारे आकार शोधायचे. वरण उकळायला लागलं की ते पातेल्यावर वाकायचे आणि पानं वाढायची खोळंबायची. "वहिनी, हा गोंधळ नाई हाये," म्हणायचे, "यात काही भवरे आपला आकार धरून चालतात. ते ओळखता आले पायजे." एकदा त्यांनी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा उसना आणला. गावातल्या एका नवरीच्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकं संपताच अजूनही नदी सुरू होते.

भोवरे नीट दिसावेत म्हणून ते पाण्यात रंगीत चिंध्या सोडत. त्या पुरवायचे आमच्या घरासमोरचे युसूफभाऊ टेलर. ब्लाउजचं कापड कमी भरलं की आम्ही बायका म्हणायचो, नदीत गेलं. युसूफभाऊ मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "सरचं सायन्स हाये बाई, थोडं कापड तर लागनच."

एका पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे नदीवरच्या बुटक्या फरशीवरून, पाणी वाहत असताना युसूफभाऊ सायकलसकट वाहून गेले. सायकल सापडली, ते सापडले नाहीत. त्यांची बायको जमिलाबाई काठावर बसून एकच म्हणत होती, "मले एकदा त्यायचं तोंड पाहू द्या." भाऊजींनी रपट्यावरून युसूफभाऊंच्याच चिंध्या सोडल्या. बऱ्याचशा प्रवाहात खालच्या अंगाला, जुन्या पुलाच्या खांबामागच्या भोवऱ्यात गोळा होऊन फिरू लागल्या. "तिथीच असन," भाऊजी ठामपणे म्हणाले. ढिवरांनी अंधार पडेपर्यंत तिथंच जाळी ओढली. काही लागलं नाही.

पाणी ओसरलं तेव्हा युसूफभाऊ रपट्यालगतच, तळाशी झाडाच्या मुळ्यांत अडकलेले निघाले. तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं.

"मी वरचंच पाणी पाह्यलं, वहिनी," भाऊजी म्हणाले. त्यानंतर नदीवर गेले नाहीत.

थंडीत जमिलाबाई चिंध्यांची एक थैली घेऊन आली. "त्यायनं तुमच्यासाठीच ठेवल्या होत्या, भाऊ. मी काय करू?" भाऊजींनी थैली खुंटीला अडकवली. दर दिवाळीच्या साफसफाईत मी ती उतरवते, झटकते आणि परत तिथेच लावते.

परवा वरण उकळत होतं. भाऊजी पातेल्याकडे पाठ करून बसले होते. न राहवून मीच म्हटलं, "भाऊजी, बघा हो, किती भोवरे आलेत."

ते उठले नाहीत. म्हणाले, "वाढा वहिनी. थंड होऊन जाईन."