सोललेला करांदा

मी नोकरीतून निवृत्त झाले म्हणून लेकीनं मला इटलीला नेलं. ती तिथेच नोकरीला असते. पालेर्मो नावाच्या समुद्रकाठच्या जुन्या शहरात आम्ही चार दिवस राहिलो. पहिल्याच सकाळी तिनं एक फेरफटका ठरवला होता: गाइड पुढे, आपण मागे, आणि रस्त्यावरचं खात खात शहर बघायचं. शहापूरच्या एसटी स्टँडवर मी उभ्यानं भजी घेतली तर "आई, बाहेरचं कशाला?" म्हणणारी ही मुलगी. इथे त्याच बाहेरच्यासाठी आगाऊ बुकिंग करून बसली होती.

गाइड तिशीतली, हातात पिवळी छत्री आणि तोंड अखंड चालू. आम्ही आठदहा माणसं तिच्यामागून शाळेच्या सहलीसारखी चाललो होतो. बाजार अरबांच्या काळापासूनचा, असं ती सांगत होती. गल्ली अरुंद, वर गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे, खाली मासळीचं पाणी. पहिल्या गाडीवर तिनं बेसन शिजवून, थापून, तळलेल्या वड्या पावात घालून दिल्या. आपल्या वडापावाची लांबची मावशीच ती. मी दोन खाल्ल्या. पुढच्या गाडीवर वासराची प्लीहा परतून देत होते, तिथे मी तोंड फिरवलं. बाकीचे मात्र डोळे मिटून खात होते आणि गाइड कौतुकानं सांगत होती, हे सगळं गरिबांचं खाणं, इथल्या बायांनी जगवलेलं. लेक मला भाषांतर करून सांगत होती. मला राग येत होता आणि कशाचा ते कळत नव्हतं.

शेवटी आम्ही एका मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यापाशी थांबलो. त्यात उकडलेले बटाटे होते. पातेल्यामागे डोक्याला फडकं बांधलेली एक बाई उभी होती. गाइडनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि भर बाजारात सगळ्यांना सांगितलं, "ही माझी आई." बाईनं एक बटाटा उचलला, चटके सोसत नखानं सोलला, मीठ लावलं आणि आपल्या लेकीच्या, गाइडच्या तोंडात घातला. आम्हाला मिळाले ते सालीसकट.



माझी आई आमच्या गावाहून, शेणव्याहून, पहाटेच्या एसटीनं शहापूरला करांदे विकायला यायची. करांदे म्हणजे डोंगरातल्या वेलाला लागणारे कंद, थंडीच्या दिवसांतले. त्यांतले कडू असतात ते राखेच्या पाण्यात उकडायचे, नाहीतर तोंडात घालवत नाहीत. आई ते रात्रीच उकडून ठेवायची, टोपलीत पळसाची पानं अंथरायची आणि त्यावर ढीग रचायची. गिऱ्हाइकानं आपला करांदा आपण सोलून खायचा. ती सोलून द्यायची ते फक्त घरच्यांना. त्याच एसटीनं शहापूरच्या शाळेत जाताना टोपली मी धरायची आणि त्याबद्दल एक सोललेला करांदा मला मिळायचा. त्या टोपलीवर मी शिकले, आणि शिकून शहापूरच्याच एका सरकारी कार्यालयात कारकून झाले.

नोकरीला लागून महिना झाला नसेल. दुपारी आई सरळ आत आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायाला माती, काखेत टोपली, हातात पळसाचं पान. त्यात चार करांदे, छान सोललेले, वर मीठ. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "खा गो, गोड हायेत." शेजारच्या टेबलावरच्या बाई कल्याणच्या, इस्त्रीच्या साडीतल्या. त्यांनी हसून विचारलं, "कोण गं ही? अगदी सोलूनबिलून आणते!"

मी म्हटलं, "आमच्या गावची आहे."

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्या बाईंना म्हणाली, "व्हय, गावचीच." टोपली डोक्यावर घेऊन ती गेली. त्यानंतर ती कार्यालयाच्या बाजूला कधी फिरकली नाही, स्टँडपलीकडे बसायची. घरी ती पूर्वीसारखीच बोलायची, जेवायला वाढायची. पण करांदा मला पुन्हा कधी सोलून दिला नाही, आणि त्याबद्दल आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. मी पुढे मुलीला सांगितलं ते एवढंच, की आजी शेतावर काम करायची.

पालेर्मोच्या बाजारात गाइड माझ्याकडे वळली. तुमच्या घरी असं कोणी विकायचं का, तिनं विचारलं. लेकीनं भाषांतर केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. समोर एकही ओळखीचं माणूस नव्हतं. कल्याणच्या बाई कधीच्या बदली होऊन गेल्या होत्या. पद गेलं, खुर्ची गेली, झाकायला काही उरलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "नाही गं, आमच्याकडे कोणी नाही." इतकं चटकन म्हटलं की माझी मलाच किळस आली.

परत आले तेव्हा थंडी पडली होती. शहापूरच्या बाजारात एका बाईकडून उकडलेले करांदे घेतले आणि शेणव्याला आईकडे गेले. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, ओटीवरच बसून असते. करांदे बघून तिला बरं वाटलं असावं. एक हातात घेऊन दाबून बघत म्हणाली, "राख कमी पडलीय." मग विचारलं, "काय खाल्लंस गो तिकडं?"

मी उकडलेल्या बटाट्यांचं सांगितलं.

"तिथं पन बाया रस्त्यावर बसतात?"

"बसतात की. त्यांच्या मुली लोकांना घेऊन येतात, आई दाखवायला."

आता बोलायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं. पण आईच आधी बोलली. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"गावची म्हनून दाखवतात?"

आई हातातला करांदा सोलू लागली. तिला बराच वेळ लागला. मी लहानपणीसारखी बघत बसले होते. सोलून झाल्यावर तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला आणि दुसरा, सालीसकट, माझ्यापुढे सरकवला.