गावभर एकच नंबर

कारंज्यात आमचं बियाण्यांचं दुकान होतं. मोबाइल अजून फारसे आले नव्हते, तेव्हा कंपनीनं कॉम्प्युटर पाठवला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा फॉर्म त्यात भरायचा हुकूम सोडला. फोन नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नसे.

जवळच्या खेड्यात फोन एकच, किराणा दुकानातला. सगळ्यांचे निरोप तिथंच यायचे, म्हणून जो तो तोच नंबर सांगायचा. पहिल्याचा फॉर्म गेला. दुसऱ्या काकांचा भरला, तर पडद्यावर इंग्रजीत उमटलं की ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. पुन्हा भरला, पुन्हा तेच. कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, "दुसरा नंबर टाका." कुठून आणू, ते त्यानं सांगितलं नाही.

"काय म्हणून राह्यला तो?" काकांनी विचारलं.

"तुम्ही आधीच येऊन गेले म्हन्ते."

"मी तं आत्ताच आलो."

वैतागून मी आमच्याच दुकानाचा नंबर टाकला. फॉर्म मुकाट गेला.

कंपनीला बियाणं विकणाऱ्या दुकानदाराचाही फॉर्म हवा होता, तो शेवटी भरला. बाबांचं नाव, आमचा नंबर. ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. कोणाच्या नावानं, तेही खाली दिसत होतं: त्या काकांच्या.

बाबा मागंच उभे होते.

"मंग मी कोन होय?" त्यांनी विचारलं.