बिनतड्याचा शब्द

फोन आला तेव्हा मी खंडाळ्याच्या अलीकडं चहाला थांबलो होतो. पलीकडून सुषमा, अक्कांची भाची, एवढंच म्हणाली, "काका, अक्का गेल्या." कप तसाच ठेवून गाडी सांगलीकडं वळवली. वाटेत सातारा लागला, तिथं माझं घर, पण थांबलो नाही. रडू येत नव्हतं. मनात एकच चाललेलं... आता सांगायचं कुणाला?

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हेत. मी पलूसकडचा, आयटीआयला असताना सांगलीत त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलो, आणि जेवायला मात्र रोज मागच्या दारानं आत. त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. मागच्या खोलीत स्टोव्हवर एक छोटं पातेलं कायम असायचं. वितळलेल्या मेणानं कापडावर चित्र काढायचं, कापड रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. जिथं मेण होतं तिथं कापड पांढरं राहतं. मी एकदा सहज "मेण" म्हणालो तर त्यांनी हात वर केला. "मेण म्हनू नको रं. मेण म्हटलं की मधमाशी आली. आमचं ह्ये पॅराफिन हाय." जैनाचं घर, मधाची बाटलीसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. पण पॅराफिन ठिसूळ. रंगात बुडवताना त्याला तडे जातात आणि रंग आत शिरतो. अक्कांच्या प्रत्येक फुलावर, पानावर म्हणून निळ्या रेघांचं जाळं असायचंच.

पुढं मी साखर कारखान्यांची यंत्रं उभी करणारा फिटर झालो, परदेशी जाऊ लागलो. पहिलंच काम जावा बेटावर. निघताना अक्का म्हणाल्या, "ह्या कामाचं मूळ गाव त्येच. तिथं ह्याला काय म्हनत्यात, इचारून ये." मी मोठ्या उत्साहानं परत येऊन सांगितलं, "बाटिक." त्या पोट धरून हसल्या. "आरं, ह्ये तर आमच्या ड्रॉइंगच्या परीक्षेतबी होतं!" तिथल्याच एका चिनी मेकॅनिककडून मिळालेला शब्द मात्र त्यांनी दोनदा म्हणून बघितला... लारान. ला म्हणजे मेण, रान म्हणजे रंगवणं. पुढं पूर्व आफ्रिकेतनं मी 'बाटिकी' आणला. "यांनी नुसती वेलांटी लावली की रं गड्या!" असं म्हणत त्यांनी तोही घेतला. हे सगळे शब्द अक्का एका लांब कापडावर मोठ्या अक्षरांत काढायच्या. एक कोपरा मात्र सोडलेला. तिथं आपला, मराठी शब्द यायचा होता. "परक्याचा शब्द वापरतो आपन. आपला एक पायजेल. सापडला की काढू."

मग एका जपानी इंजिनियरनं मला त्यांच्याकडचा लांबलचक शब्द दिला, 'रोकेत्सुझोमे', आणि घोळ तिथं झाला. अक्षरं बारीक काढावी लागली, त्यात ते जोडाक्षर. दर वेळी तडे जाऊन शब्द वाचता येईना. सरावाची दोन कापडं अशीच वाया गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळे शब्द असलेलं ते लांब कापडच घेतलं आणि मला त्यांची काळजी वाटायला लागली. माझ्याकडं जावामधून आणलेला मधमाशीच्या मेणाचा गोळा होता. तिकडचे कारागीर पॅराफिनमध्ये ते मिसळतात, रेघ तुटत नाही. मी तो त्यांच्यासाठीच भेट म्हणून आणला होता, आणि त्यांनी बोटसुद्धा न लावता परत दिला होता. "माशांचं घर मोडून माझी अक्षरं सजवायची व्हय?"

अक्का मंदिरात दर्शनाला गेल्या होत्या. मी गोळ्याचा एक तुकडा पातेल्यात सोडला. मधाचा वास सुटला म्हणून उदबत्ती लावली. आल्या त्या दारातच थबकल्या. "आज उदबत्ती? पोरगं भाविक झालं की!" आणि लिहायला बसल्या. दुसऱ्या दिवशी कापड उकळून वाळत घातलं तर शब्द दुधासारखा पांढरा, एकही तडा नाही. अक्का त्या कापडासमोर लहान मुलीसारख्या उभ्या होत्या. "दत्ता, आज हात लागला बघ!" मी गोळ्याचं नाव काढलं नाही. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मला मोडवला नाही, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच, की मी भ्यालो.

तसा हात परत लागला नाही. कसा लागणार? पातेलं त्यांनी रिकामं करून घासलं होतं आणि पुन्हा निव्वळ पॅराफिन आलं होतं. पुढचे शब्द त्या सरावाच्या कापडावर काढायच्या, तडे जायचे, कापड बाजूला ठेवायच्या. एकदा लेखणी खाली ठेवून म्हणाल्या, "हात गेला माझा." आणि मी, मी म्हणालो, "वय झालं अक्का, चालायचंच." त्यानंतर तो स्टोव्ह मी पेटलेला पाहिला नाही. पुढं मी गेलो की चहा व्हायचा, शाळेतल्या मुलींच्या आठवणी व्हायच्या. नवीन शब्द मी विचारून आणत नव्हतो आणि त्या मागत नव्हत्या.

अक्का गेल्यावर काही दिवसांनी सुषमा ते शब्दांचं कापड मंदिरात द्यायला निघाली होती, अक्कांच्या नावानं, शास्त्राच्या पोथीखाली पसरायला. तेव्हा मला बोलावंच लागलं. सगळं सांगितलं. ती बराच वेळ कापडाची घडी नीट करत राहिली, नीट असलेलीच. "शेवटी शेवटीसुद्धा म्हनायच्या काका, दत्ताच्या त्या शब्दाला हात लागला हुता, परत कवा लागला न्हाई..." मग घडी माझ्या पुढ्यात ठेवली. "ह्ये आता मंदिरात जायचं न्हाई. तुमीच न्या."

आता ते साताऱ्याला माझ्या खोलीत, खिडकीत टांगलेलं आहे. येणारा जाणारा नेमका त्या एका शब्दापाशी थांबतो. "काय हात होता बाईंचा!" मी त्यांना तिथून हलवतो, लारानपाशी नेतो, तड्यांतून निळं झिरपलेल्या अक्षरांपाशी. म्हणतो, हात हा. हल्ली तो बिनतड्याचा शब्द कुणाच्या मेणाचा, तेही सांगतो.

सकाळचं ऊन कापडामागून येतं तेव्हा सोडलेला कोपरा उजळतो. तो पांढरा राहावा म्हणून दर रंगाच्या वेळी अक्का त्यावर पॅराफिनचा थर देत. त्यामुळं सगळ्यात जास्त तडे तिथंच आहेत, एकात एक गुंतलेले, केसाएवढे बारीक. शब्द नाही. मी चहा घेऊन त्या कोपऱ्यासमोर बसतो आणि वाटतं, आतून आता हाक येईल, दत्ता, इचारलंस का रं?