दहा मिनिटांचं ऑपरेशन

मास्तर शर्टांच्या कारखान्यात कटिंगला होते. शंभर थरांची थप्पी एका दमात कापली, तरी तळाची बाही सूतभर इकडेतिकडे व्हायची नाही. घरी बायको, दोन मुली आणि आई.

धाकटीच्या वेळी बायको मरता मरता वाचली. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं. "तिसरं नको. हिचं हृदय अशक्त आहे, हिला भूल द्यायची जोखीम मी घेणार नाही. तुम्हीच नसबंदी करून घ्या. दहा मिनिटांचं काम."

मास्तरांनी करून घेतलं. निघताना नर्सबाईंनी हातात कागद ठेवून बजावलं, "लगेच मोकळे झालात असं समजू नका. तीन महिने काळजी घ्यायची, मग वीर्याच्या तपासणीला यायचं. रिपोर्ट येईपर्यंत भरवसा धरू नका."

चौथ्या दिवशी कामावर गेले, तर बातमी आधीच पोचली होती. "मास्तर, शेवटी तुमचंच कटिंग झालं की!" इस्त्रीवाला ओरडला आणि अख्खा हॉल खिदळला. कुणी त्यांच्या हातातली थप्पी काढून घेतली, "राहू द्या, आता तुमच्याच्याने व्हायचं नाही." घरी आईने कपाळावर हात मारला. "मुलगा नाही, आणि हा खच्ची होऊन आला!"

मास्तरांना ते फार लागलं. आपलं काही बिघडलेलं नाही, हे त्यांना स्वतःलाच दाखवायचं होतं. "अजून तीन महिने व्हायचेत," बायको म्हणाली. "झालंय ना ऑपरेशन!" ते खेकसले. तपासणीला तर गेलेच नाहीत. हातात बाटली धरून रांगेत कोण उभं राहणार? दवाखान्याचा शिपाई गल्लीतलाच होता.

बायकोला दिवस गेले.

सासूने एका सकाळी सगळ्यांदेखत विचारलं, "ह्याचं तर ऑपरेशन झालंय. मग हे कुणाचं?"

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. "सांगा ना, नर्सबाई काय म्हणाल्या होत्या ते."

मास्तरांना शब्द न् शब्द आठवत होता. पण मग तपासणीला का गेलो नाही, तेही सांगावं लागलं असतं. "मला उशीर होतोय," म्हणाले आणि चपला सरकवून निघाले.

तिने कपाट उपसून तो कागद शोधला, सासूला वाचून दाखवला. "कागद काय, कुणीही छापतं," सासू म्हणाली. शेवटी बायकोच आपल्या बहिणीला घेऊन दवाखान्यात गेली. गर्भ काढावा लागला. जिवावरचं निभावलं, पण पंधरा दिवस अंथरुणातच गेले.

डॉक्टरीणबाईंनी फटकारल्यावर मास्तर तपासणीला गेले. बीज अजून येत होतं. तो रिपोर्ट त्यांनी आईपुढे मोठ्याने वाचला, दोनदा. आतून बायको एवढंच म्हणाली, "आता कशाला?"

तेव्हापासून ती मुलींच्या खोलीत झोपते. डबा भरते, पाहुण्यांसमोर हसतेही. मास्तरांनी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा तिने विचारलं, "चहा ठेवू का?"

परवा शिलाईवरला एकजण, चार पोरांचा बाप, मशीनआड हळूच विचारायला आला. मास्तरांनी सगळं नीट सांगितलं. तीन महिन्यांचं सांगितलं, तपासणीचं पुन्हा पुन्हा सांगितलं. "बायकोला बरोबर ने. दोघांनी ऐका."

त्याने मान डोलावली. "तुमचं खरंय, मास्तर," तो म्हणाला. "पण एवढी भानगड कशाला? आमच्या हिचंच उरकून टाकतो."