सलोमी आत्याचं 'नाही'

माझ्या सलोमी आत्याच्या सफरचंदांच्या टोपलीत किडकी फळं वर असायची. मुद्दाम. मोटारवाले थांबायचे, नाक मुरडायचे आणि पुढच्या फाट्यावर उपदेशक ईनस गिंगरिककडून फळं घ्यायचे. त्याच्या टोपलीत वरची फळं लखलखीत पुसलेली असत.

"अगं, किडकी निदान खाली तरी घाल," माझा बाप वैतागायचा.

"खाली घातली की ती खोटी होतात. वर आहेत तोवर नुसतीच किडकी आहेत," आत्या म्हणायची.

तिनं लग्न केलं नाही. बाळंतपण असो, धुणं असो, गोधडी शिवायची असो, आमच्या वेस्ट क्रीकच्या प्रत्येक घरात तिचे हात लागायचे. जीभ मात्र कुणालाच नको असायची, इतकी फटकळ. "सलोमी आली, आरसे झाका," असं पुरुष तिच्यामागे म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "झाका की, तोंडं तीच राहणार आहेत," ती म्हणे.

आम्ही मेनोनाइट लोक, म्हणजे मोटारीऐवजी घोडा-बग्गी वापरणारे जुन्या वळणाचे ख्रिस्ती, शपथ घेत नाही, कोर्टात उभं केलं तरी नाही. आमचं होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, मग शपथ हवी कशाला? याचा आम्हाला केवढा तोरा! आणि त्याच तोऱ्यातून आमच्यातल्या काही साळसूदांनी एक कला कमावली आहे: एकही खोटा शब्द न उच्चारता दुसऱ्याच्या डोळ्यात धूळ फेकायची. गाय लाथ मारते का, असं विचारा. "मला तरी कधी मारली नाही," म्हणतील. दूध बायको काढते, हे कोण सांगणार?

ईनसनं अल्मेडा फ्रे हिला घोडा विकला तो असाच. अल्मेडा विधवा, बाजारहाट एकटीनं करणारी. तिनं विचारलं, "रस्त्यावर शहाणा आहे ना?" ईनस म्हणाला, "माझ्याकडे यानं कधी बग्गी उलटवली नाही." अक्षरन् अक्षर खरं! बग्गीला तो जुंपला होताच एकदा. खडीचा ट्रक शेजारून गेला, तसा तो उधळून कुंपणात घुसला. बग्गी उलटली नाही, कुंपण तेवढं मोडलं. त्यानंतर ईनसनं त्याला पुन्हा बग्गीला लावलं नाही. घोडा उधळला त्या दिवशी आत्या ईनसच्याच अंगणात धुणं वाळत घालत होती.

फेब्रुवारीत दुधाचा ट्रक समोरून आला आणि तो घोडा अल्मेडाला बग्गीसकट चरात घेऊन गेला. तिच्या खुब्याचा चुरा झाला.

मग आमचे लोक धावले. तशी आमची रीतच आहे. कुणी लाकडं फोडली, कुणी रस्सा आणला, ईनसनं तर महिनाभर तिच्या गाई पिळल्या. बायका म्हणाल्या, काय देवमाणूस आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घोड्याबद्दल मात्र अळीमिळी गुपचिळी. "देवाची इच्छा," म्हणे. देवानं विकला होता का घोडा?

वसंतात प्रभुभोजनाआधीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर-द्राक्षारस घेण्याआधीची, सभा भरली. त्या सभेत डीकन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा सेवक, बाकाबाकावरून फिरतो आणि प्रत्येकानं म्हणायचं असतं, "देवाशी आणि मंडळीशी माझी शांतता आहे." एकानं जरी म्हटलं नाही, तर ते मिटेपर्यंत कुणालाच प्रभुभोजन नाही. पण न म्हणणारं कोणी माझ्या आठवणीत नव्हतं. डीकन ओझायस वेबर झोपेत चालल्यासारखा बायकांच्या बाकांवरून आला. आत्यापाशी थांबला.

"नाही," आत्या म्हणाली.

दोन आठवड्यांनी पुन्हा सभा ठरली. दुसऱ्याच दिवशी ओझायस आमच्या स्वयंपाकघरात हजर. टोपी मांडीवर, आवाज लोण्यासारखा.

"सलोमी, ईनसला तू माफ केलंस की नाही?"

"केलं."

"मग झालं तर! शांतता आहे म्हण आणि मोकळी हो."

"माफी माझ्या हातात होती, दिली. शांतता नाही, तर कुठून आणू? तुझ्या टोपीतून?"

"अगं, सगळ्या मंडळीचं ताट अडवलंयस तू. पुढच्या वेळीही हेच बोललीस, तर तुलाच मंडळीबाहेर काढावं लागेल. या वयात कुठं जाशील?"

आत्याचा चेहरा पांढरा पडला. या मंडळीबाहेर तिचं कोणी नव्हतं. तिनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाली, "पी आणि नीघ."

त्या दोन आठवड्यांत तिला कुणी कामाला बोलावलं नाही. जिची चार बाळंतपणं तिनं काढली, ती बाई रस्त्यात तोंड फिरवून गेली. लाज वाटली नाही तिला!

दुसऱ्या सभेला अल्मेडा कुबड्यांवर आली आणि मागच्या बाकावर बसली. ओझायस आत्यापाशी पोचला, तशी आत्या उभी राहिली.

"माझी शांतता नाही, कारण मी मूग गिळले. तो घोडा उधळताना मी पाहिला होता. विक्री झाल्यावर मी विकणाऱ्याला विचारलं, तिला सांगितलंस का? तो म्हणाला, तिनं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मग मीही स्वतःला सांगितलं, मला कुठं कुणी विचारलंय? अल्मेडा, तुझं दार माझ्यापासून दोन शेतं लांब होतं. मी आले नाही."

निम्म्या बाकांना घोड्याचं ठाऊक होतं, आणि आता ते सगळे आपापले बूट बघत होते.

ओझायस घाईघाईनं पुढे सरकला. आत्याच्या शेजारी ईनसची बायको लव्हिना बसली होती. तिनं शांततेचं ते ठरलेलं वाक्य म्हटलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

पुरुषांच्या सगळ्यात पुढच्या बाकावरून ईनस ताडकन उठला. "मी एक शब्दही खोटा बोललो नाही!"

"हो ना," लव्हिना म्हणाली. "किती जपून बोललास."

बाई सभेत नवऱ्याला बोलली! पण तिला कुणी गप्प केलं नाही. ईनस उभाच राहिला. शेवटी तो म्हणाला, "घोडा भित्रा आहे, हे मला माहीत होतं," आणि खाली बसला.

बिशपनं प्रार्थनेला सांगितलं. आम्ही प्रार्थनेला गुडघे टेकतो ते आपापल्या बाकाकडे वळून, सभाघराच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून. सगळे वळले, टेकले. ईनसही वळला, गुडघ्यांवर आला आणि त्यानं मान वर केली. वाकलेल्या सगळ्या पाठींच्या वर एकच चेहरा होता, त्याच्याकडे पाहणारा. अल्मेडाला गुडघे टेकता येत नव्हते.